बारा मिलिमीटर

हृदय वगैरे म्हणू नका.
इंजिन आहे ते.
साखळीच्या पुलीवर लटकतंय, तेल गळतंय,
आणि खालून शौकत मुकादम ओरडतोय,
हळू रे, अजून हळू.

गाडी कॉन्टेसा, शहाऐंशीची,
रंग एकेकाळी काळा.
रेवणकर बाईंनी बँकेच्या लिलावात घेतली.
जिच्यातून साहेब उतरायचे
तेव्हा बाई समोरच्या स्टॉपवर छत्री मिटत असायच्या,
तीच.
जुनं इंजिन दारूखान्यात वजनावर गेलं.
बाईंनी नोटा दोनदा मोजल्या.
कॅशियर होत्या.

नवं इंजिन पिकअप ट्रकचं.
भाऊच्या धक्क्यावरून मासळी वाहायचा,
मानखुर्दला उड्डाणपुलाखाली कुणीतरी मागून ठोकला.
चेसिस वाकली, इंजिन शाबूत.
खोललं तेव्हा बोल्टांच्या आट्यांत मीठ,
आणि फॅनच्या पात्याला चिकटलेला
एक खवला,
वाळून काच झालेला.

यात माझं काम बारा मिलिमीटरचं.
इंजिन ट्रकचं, गिअरबॉक्स कॉन्टेसाचा,
दोघांचे बोल्ट एका जागी येत नाहीत.
मध्ये चकती लागते.
ॲल्युमिनियमची प्लेट लेथवर चढवली,
एक वर्तुळ याचं, एक त्याचं,
केंद्र मात्र एकच.
ते केसभर सरकलं
तर महिन्याभरात क्लच खाल्लाच म्हणून समजा.
तीनदा मोजलं.
चौथ्यांदा रात्री उठून, उशाशी कॅलिपर होतं म्हणून.
बायको म्हणाली, कुणाची पत्रिका जुळवताय?
म्हटलं, पत्रिका कशाही जुळवता येतात गं.

मग बॉनेट बसेना. दोन इंच वर.
शौकत म्हणाला, फुगवटा काढू, रुबाब येईल.
बाई म्हणाल्या, नको, माजल्यासारखी दिसेल.
माउंट कापले, खाली घेतले,
संप घासायला लागला, तोही कापला.
आठ दिवस.

किल्ली फिरवली.
पेटलं. दोन सेकंद. गप्प.
पुन्हा पेटलं. दोन सेकंद. गप्प.
वायरींच्या गुंत्यातून एक लाल दिवा,
त्यावर कुलपाचं चित्र.
शौकत जमिनीवरच बसला.
म्हणाला, नवी इंजिनं मालक ओळखतात.
याला याचीच किल्ली पाहिजे, हिच्यात चिप नाही.
ट्रक भंगारात गेला होता
आणि किल्ली कुणी मागितलीच नव्हती.

धर्मा वैती तिसऱ्या दिवशी आला,
ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यातून, दुपारची झोप मोडून.
किल्लीला लाल दोरा,
दोऱ्याला बाटलीचं ओपनर.
हातात दिली नाही. म्हणाला, मीच लावतो.
पहिल्या फेरीत लागलं.
तो मान वाकडी करून ऐकत राहिला.
'खोकला गेला हिचा.'
'इंजेक्टर साफ केलेत,' शौकत म्हणाला,
जरा रागानेच.

आरटीओच्या कागदावर
चेसिस शहाऐंशीची, इंजिन पाच वर्षांचं.
चकतीला नंबर नसतो.
तिचा रकाना नाही.

बाई चालवत होत्या, धर्मा शेजारी,
मी मागे, साहेबांच्या जागेवर,
कान पायाखाली.
रे रोडच्या पुलाचा चढ आला
आणि धर्माचा पाय आपोआप दाबला गेला,
तिथे क्लच नव्हता.
डावा हात गिअर शोधत दारावर आपटला.
गाडी मात्र तशीच वर गेली,
तिसऱ्यातच, काही न मागता.
'दीड टन असायचं मागे,' तो म्हणाला.
'बर्फ धरून.
माल उतरला ते हिला अजून कळलेलं नाय.'
बाई काही बोलल्या नाहीत.
पायाखाली आवाज नव्हता.
मी तरी पूल उतरेपर्यंत श्वास सोडला नाही.

धक्क्याच्या फाट्यावर तो उतरला.
बाईंनी काचेतून हात पुढे केला.
त्याने दोऱ्याची गाठ सोडवली, वेळ लागला,
ओल्या हातांनी बांधलेली गाठ ती.
किल्ली दिली.
ओपनर खिशात टाकलं.